जंगलाला खत कोण घालतं? अन्नद्रव्यं आणि पाणी परत परत कसं वापरलं जातं

प्रश्न असा आहे: जंगलाला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी ते शेकडो वर्षं हिरवंगार उभं राहतं. मग निसर्गात अन्नद्रव्यं आणि पाणी पुन्हा पुन्हा वापरलं जातं म्हणजे नेमकं काय होतं? आणि जंगल तुटलं तर ही घडी परत बसायला किती काळ लागतो? पाठ्यपुस्तकातल्या गोल बाणांच्या आकृतीने समाधान होत नाही, असंही प्रश्नकर्त्याने लिहिलं आहे.

जंगलाची माती आणि ओढ्यांचं पाणी तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. त्या आकृतीबद्दल माझीही हीच तक्रार आहे. ती पाहून वाटतं की चक्र आपलं आपण फिरत असतं. प्रत्यक्षात जमिनीवर पडलेलं पाणी उताराच्याच दिशेने जातं आणि वाटेत जे विरघळेल ते सोबत घेऊन जातं. त्याला अडवणारं कोणी नसेल तर डोंगरावरचं नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम हळूहळू समुद्रात जाऊन बसेल. जमिनीवर अन्नद्रव्यं फिरत राहतात ती मुळं, बुरशी आणि जिवाणू त्यांना वाटेत पकडतात आणि झाड त्यांना पुन्हा वर चढवतं म्हणून. जंगलाची सगळी किमया या अडवण्यात आहे. मातीत साठा किती आहे हा त्यानंतरचा प्रश्न.

सुरुवात पान गळण्याच्याही आधी होते. पान पिवळं पडू लागतं तेव्हा झाड त्यातली हरितद्रव्यं आणि प्रथिनं मोडून त्यातलं नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, फांदीत परत ओढून घेत असतं. सरासरी पाहिलं तर निम्म्याच्या आसपास नत्र आणि स्फुरद पान गळण्याआधीच झाडात परत गेलेलं असतं. हा पुनर्वापर मातीला हातही न लावता झाला, म्हणून आकृतीत तो बहुधा दिसत नाही. पण सर्वांत कमी गळतीचा मार्ग हाच आहे. कॅल्शियमचं तसं होत नाही. ते पेशींच्या भिंतींत पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे पानासोबत खाली येतं. पालाश तर इतकं सहज विरघळतं की हिरव्या पानांवरून ओघळणारा पाऊसच ते धुऊन खाली आणतो. मोकळ्यावर पडलेला पाऊस आणि झाडाखाली गळून आलेला पाऊस वेगवेगळ्या भांड्यांत धरून तपासला, तर झाडाखालच्या पाण्यात पालाश कितीतरी पट जास्त सापडतं. म्हणजे प्रत्येक अन्नद्रव्याची वाट निराळी आणि वेगही निराळा. सगळ्यांना एकाच गोलात बसवलं की ही गंमत हरवते.

आता गळलेल्या पानाकडे येऊ. पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांनी दाट झाडीत खाली बसा आणि पाचोळा हाताने थराथराने बाजूला करा. सर्वांत वर अख्खी पानं, कोरडी, कुरकुरीत. त्याखाली पानं एकमेकांना चिकटलेली, काळसर, ठिकठिकाणी भोकं पडलेली. आणखी खाली फक्त शिरांची जाळी उरलेली असते, मधला मऊ भाग खाऊन संपलेला. त्याच्याही खाली पान कुठलं आणि माती कुठली हे सांगता येत नाही. काळा, रवाळ, ओलसर भुगा लागतो, आणि त्यातून पांढऱ्या बुरशीचे तंतू आणि केसासारखी बारीक मुळं आडवी-उभी गेलेली असतात. नीट पाहिलंत तर काही मुळं कुजणाऱ्या पानाला अक्षरशः चिकटून वाढलेली दिसतील. झाड आपलं अन्न जिथे सुटतं तिथेच तोंड लावून बसलेलं असतं. हा वीतभर जाडीचा थर म्हणजे जंगलाचं पोट आहे, आणि तो झाडून साफ करणं हे माझ्या मते जंगलाचं सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत मोठं नुकसान आहे.

या थरात काय घडतं ते मोजण्याची एक जुनी, साधी पद्धत आहे. वाळवलेली पानं वजन करून नायलॉनच्या जाळीदार पिशवीत भरायची, अशा अनेक पिशव्या पाचोळ्यात ठेवायच्या आणि दर महिन्याला काही उचलून पुन्हा वजन आणि रासायनिक तपासणी करायची. वजन अपेक्षेप्रमाणे घटत जातं. पण ही तपासणी पहिल्यांदा करणारा विद्यार्थी हमखास चक्रावतो, कारण पानाचं वजन कमी होत असताना त्यातलं नत्र सुरुवातीला अनेकदा वाढलेलं निघतं. नुसता टक्का नाही, पिशवीतलं एकूण नत्र! मग ते आलं कुठून?

उत्तर जिवाणू आणि बुरशीच्या शरीरात आहे. गळलेल्या पानात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे, म्हणजे कार्बनचे, पन्नास किंवा त्याहून जास्त भाग असू शकतात. ते पान खाणाऱ्या जिवाणूच्या शरीरात हे प्रमाण एकास पाच ते आठ, बुरशीत साधारण एकास दहा ते पंधरा. खाल्लेल्या कर्बाचा मोठा हिस्सा ते श्वासावाटे हवेत सोडतात, तरीही पानातून मिळणारं नत्र शरीर बांधायला पुरत नाही. मग ते आजूबाजूच्या मातीतून आणि पाण्यातून नत्र उचलतात. उसनवारीवरच घर बांधण्यासारखं आहे हे. जसजसा कर्ब जळत जातो तसं प्रमाण खाली येतं. ते साधारण पंचवीस-वीसला एक इथवर आलं की गणित उलटतं आणि नत्र जास्तीचं होऊन बाहेर पडू लागतं, अमोनियमच्या रूपात, जे मुळं घेऊ शकतात.

या उसनवारीमुळे पाचोळ्याचा थर धरणासारखं काम करतो. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा बर्फ वितळताना, जेव्हा पाणी जोरात वाहतं आणि झाडं अजून पूर्ण जागी झालेली नसतात, तेव्हा सूक्ष्मजीव नत्र स्वतःच्या शरीरात अडवून ठेवतात. पुढे आदिजीव आणि सूक्ष्म कृमी त्या जिवाणूंना खातात. खाणाऱ्याला कर्ब हवा असतो, इतकं नत्र नको असतं, म्हणून जास्तीचं नत्र तो बाहेर टाकतो, आणि तेही मुळांच्या अगदी लगत. कुजणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सडणं येतं. पण या थरात कोण कोणाला खातं यावरच झाडाला अन्न कधी मिळणार हे ठरतं.

गांडुळं, वाळवी, सहस्रपाद, शेणकिडे यांचं काम मुख्यतः तुकडे करण्याचं आणि कालवण्याचं. पान बारीक झालं की सूक्ष्मजीवांना बसायला पृष्ठभाग वाढतो. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन हे द्रव्य मात्र यांच्यापैकी बहुतेकांना झेपत नाही. ते पूर्णपणे मोडण्याचं काम प्रामुख्याने पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या करतात. पडलेला ओंडका म्हणूनच काही दशकं तसाच पडून असतो आणि तेवढा काळ ओलावा आणि अन्न दोन्ही धरून ठेवतो.

स्फुरदाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं, स्फुरद जवळजवळ हलतच नाही. लोह, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियमला ते इतकं घट्ट चिकटतं की मुळाच्या भोवतीचं एक-दोन मिलिमीटरमधलं स्फुरद संपलं की त्यापलीकडचं असून नसल्यासारखं. इथे बुरशी मदतीला येते. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांची कुठल्या ना कुठल्या बुरशीशी भागीदारी असते. बुरशीचा तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक. जिथे मूळ शिरत नाही त्या फटींतून तो स्फुरद आणतो आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतो.

ही पकड किती घट्ट असू शकते याचा माझा आवडता पुरावा व्हेनेझुएलातल्या सान कार्लोस दे रिओ नेग्रोजवळच्या जंगलातला आहे. तिथे जमिनीवर मुळांची जाडजूड चटईच असते. नेली स्टार्क आणि कार्ल जॉर्डन यांनी तिच्यावर किरणोत्सारी कॅल्शियम आणि फॉस्फरस शिंपडलं आणि चटईखाली किती झिरपतं ते मोजलं. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ९९.९ टक्के वरच्या वर पकडलं गेलं. खाली गेलं ते फक्त ०.१ टक्का.

इथे एक समज काढून टाकायला हवा. घनदाट जंगल म्हणजे खाली सुपीक जमीन, असं नसतं. उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशातली कितीतरी जंगलं लाखो वर्षं धुतल्या गेलेल्या, अत्यंत निकृष्ट मातीवर उभी आहेत. त्यांची श्रीमंती उभ्या झाडांत आणि वरच्या पातळ थरात फिरती असते. झाडं जाळून तिथे पीक घेतलं की राखेच्या जोरावर थोडी वर्षं उत्पन्न येतं आणि मग जमीन बसते, त्याचं कारण हेच.

पकड कितीही घट्ट असली तरी थोडी गळती होतच राहते. ती भरून निघते तीन वाटांनी: खडक झिजून, हवेतून पडणाऱ्या धुळीतून आणि पावसातून, आणि नत्राच्या बाबतीत हवेतलं नत्र पकडणाऱ्या जिवाणूंकडून. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडणं ऊर्जेच्या हिशेबात फार महाग, म्हणून मोजक्याच जिवाणूंनी ती कला साधली आहे. त्यातले काही शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहतात. उलट बाजूला, पाणथळ, हवा न पोचणाऱ्या मातीतले दुसरे जिवाणू नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात सहज विरघळणारं रूप, मोडून नत्र पुन्हा हवेत सोडतात. नत्राला हवेतून येण्याचा आणि हवेत जाण्याचा रस्ता आहे. स्फुरदाला वायुरूप रस्ता म्हणावा असा नाहीच. ते येतं खडकातून किंवा धुळीतून, आणि गेलं की समुद्रतळाशी.

हा फरक हवाई बेटांवर फार सुंदर दिसतो. ही बेटं ज्वालामुखीतून एकापाठोपाठ एक तयार झाली, त्यामुळे एकाच प्रकारच्या खडकावर, सारख्याच हवामानात, काहीशे वर्षांपासून ४० लाखांहून अधिक वर्षांपर्यंत वयाची जमीन तिथे मिळते. पीटर व्हिटूसेक आणि सहकाऱ्यांनी तिथे खतं घालून पाहिली. कोवळ्या जमिनीवर झाडं नत्र दिल्यावर वाढली, कारण खडकात स्फुरद होतं पण नत्र साठायला वेळच मिळाला नव्हता. कौआईवरच्या सर्वांत जुन्या जमिनीवर ती स्फुरद दिल्यावर वाढली, कारण खडकातलं स्फुरद संपून गेलं होतं. मग ते जंगल इतकी वर्षं जगतंय कशावर? १९९९ मध्ये ऑलिव्हर चॅडविक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बराच आधार हजारो किलोमीटरवरून, मध्य आशियातून वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीचा आहे. ॲमेझॉनच्या बाबतीतही असंच काहीसं. आफ्रिकेतल्या चाड देशात बोडेले नावाचा आटलेल्या सरोवराचा तळ आहे. तिथली आणि सहारातली धूळ अटलांटिक ओलांडून जाते. २०१५ च्या एका उपग्रहाधारित अंदाजानुसार तिच्यातून ॲमेझॉनला वर्षाला सरासरी २२ हजार टन स्फुरद मिळतं, म्हणजे पाऊस-पुरातून जितकं वाहून जातं जवळपास तितकंच.

प्राणीही उताराविरुद्ध माल चढवतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन मासे समुद्रात वाढून अंडी घालायला नद्यांत वर येतात, अस्वलं त्यांना झाडीत ओढून नेऊन अर्धवट खातात, आणि काठावरच्या झाडांच्या पानांत समुद्रातलं नत्र सापडतं. समुद्रातल्या नत्रात जड समस्थानिकाचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या किंचित जड अणूंचं, प्रमाण जास्त असल्यामुळे ते ओळखता येतं.

आता पाणी. जमिनीवर पडणाऱ्या एकूण पावसापैकी जगाच्या हिशेबात सुमारे ६० टक्के पाणी बाष्प होऊन परत हवेत जातं, उरलेलं नद्यांतून आणि भूजलातून समुद्राकडे. हवेत गेलेल्या या बाष्पाचा बराच मोठा वाटा पानांतून गेलेला असतो. मुळांनी उचललेल्या पाण्यापैकी झाड स्वतःच्या वाढीसाठी जेमतेम एक-दोन टक्के ठेवतं. बाकीचं पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून सोडून देतं. ही उधळपट्टी वाटेल, पण कर्बवायू आत घ्यायचा तर छिद्रं उघडावीच लागतात, आणि मातीतली विरघळलेली अन्नद्रव्यं मुळापर्यंत खेचून आणतो तो हाच प्रवाह. पाणी आणि अन्नद्रव्यं यांची चक्रं वेगवेगळ्या धड्यांत शिकवली जातात. झाडाच्या खोडात ती एकच असतात.

हवेत गेलेलं बाष्प सरासरी आठ-दहा दिवसांत पुन्हा पाऊस होऊन पडतं, कधी तिथेच, बहुधा वाऱ्याच्या दिशेने पुढे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७०च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून हे ॲमेझॉनमध्ये दाखवलं. समुद्रावरून निघालेला ढग बरसत बरसत आत जातो तसे जड रेणू आधी पडून जातात आणि आतला पाऊस हलका होत जायला हवा. ॲमेझॉनमध्ये तो अपेक्षेइतका हलका होत नव्हता, कारण जंगल पडलेलं पाणी जसंच्या तसं परत हवेत सोडत होतं. तिथला निम्म्याच्या आसपास पाऊस असा फिरून आलेला, असा त्यांचा हिशेब होता. नंतरचे बरेच अंदाज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इथे येतात. तेही थोडं नाही.

मातीच्या आतही पाणी फिरतं. १९८७ मध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल यांनी सेजब्रश या रखरखीत प्रदेशातल्या झुडपाबद्दल दाखवलं की रात्री छिद्रं मिटली की खोल मुळांनी खेचलेलं पाणी वरच्या मुळांतून कोरड्या मातीत झिरपतं. दिवसा ते झुडूप वापरतं, शेजारच्या उथळ मुळांच्या गवतालाही त्यातलं मिळतं. पुढे ही गोष्ट इतर अनेक झाडांत दिसली. ओलावा आला की सूक्ष्मजीव जागे होतात आणि कुजण्याचं काम चालू राहतं.

झाडं लावली की ओढ्याचं पाणी वाढतं, असं सरसकट सांगितलं जातं, आणि मला ते खटकतं. जगभरच्या पाणलोटांतल्या मोजणीत झाडं वाढली की ओढ्यातून वर्षभरात वाहणारं एकूण पाणी साधारणपणे घटतं, कारण झाडं ते पितात. झाडांचं खरं देणं वेगळं आहे. पाचोळा थेंबाचा मार झेलतो, मुळं-गांडुळांच्या बिळांतून पाणी मुरतं, त्यामुळे ते गढूळ लोंढा होऊन एकदम न जाता सावकाश आणि स्वच्छ येतं. मुरण्यातून जमिनीला मिळणारं पाणी झाडांनी प्यालेल्यापेक्षा जास्त भरलं, तर कोरड्या महिन्यांतली धारही टिकते. हे माती, उतार आणि पाऊसमानावर ठरतं. जंगलाच्या प्रेमापोटी चुकीचं कारण देऊ नये. बरोबर कारण पुरेसं मोठं आहे.

सजीवांची साखळी तोडली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक इथे मोजलेलं आहे. १९६३ पासून हर्बर्ट बोरमन, जीन लाइकन्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या छोट्या पाणलोटांत येणारा पाऊस आणि ओढ्यावर बांधातल्या खाचेतून जाणारं पाणी यांचा काटेकोर जमाखर्च ठेवला. धडधाकट जंगलातून ओढ्यावाटे जाणारं नत्र पावसातून येणाऱ्या नत्रापेक्षाही कमी होतं. १९६५च्या अखेरीस त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, एकही ओंडका बाहेर नेला नाही, माती उकरली नाही, आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून काही उगवू दिलं नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं आणि त्यातलं नायट्रेट ४० पटींहून अधिक झालं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडण्याइतकं. पाचोळा तोच होता, सूक्ष्मजीव तेच होते, कुजणं जोरात चालू होतं. सुटलेलं नत्र पकडणारी जिवंत मुळं तेवढी नव्हती. नायट्रेटबरोबर कॅल्शियम आणि पालाशही वाहून गेलं, कारण ऋणभारित नायट्रेट एकटं जात नाही, सोबत धनभारित आयन घेऊन जातं.

शेतात खत का लागतं, याचंही उत्तर यातच आहे: पीक कापून नेलं की अन्नद्रव्यं कायमची बाहेर जातात, आणि दोन पिकांमधल्या मोकळ्या काळात जमीन त्या पाणलोटासारखीच उघडी असते.

राहिला घडी परत बसण्याचा प्रश्न. त्याचा एकच आकडा देता येत नाही, तो अन्नद्रव्यागणिक बदलतो. हबर्ड ब्रूकमध्ये फवारणी थांबल्यावर रानटी चेरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं उगवली आणि थोड्याच वर्षांत ओढ्यातलं नायट्रेट पूर्वपदावर आलं. म्हणजे गळती थांबवायला मोठं जंगल लागत नाही, भराभर वाढणारी हिरवाई पुरते. वाहून गेलेला साठा भरायला मात्र वेळ लागतो. नत्र हवेतून पकडून काही दशकांत भरून येऊ शकतं. त्या ओढ्यात कॅल्शियमची गळती तीस वर्षांनंतरही शेजारच्या अभंग पाणलोटापेक्षा जास्तच होती. कॅल्शियम आणि स्फुरदाची भरपाई होणार ती खडक झिजण्याच्या आणि धूळ पडण्याच्या गतीने, आणि ती गती शतकांत मोजावी लागते.